नागावर उतारा बेतला, घोणस अजून बाकी आहे

जानेवारी २०२५ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात सर्पविषावरचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. नागकुळातील सापांच्या विषातली जी प्रथिने माणसाचा श्वास बंद पाडतात, त्यांना जाऊन चिकटतील आणि निकामी करतील अशी काही नवी प्रथिने त्यात संगणकावर बेतलेली होती. ही प्रथिने त्याआधी कोणत्याही प्राण्यात, वनस्पतीत किंवा जिवाणूत नव्हती. आधी त्यांचा आकार ठरला, मग त्या आकाराला साजेशी अमिनो आम्लांची साखळी ठरली, आणि सर्वांत शेवटी ती प्रयोगशाळेत प्रत्यक्ष तयार झाली. मी शिराळा तालुक्यात वाढलो आणि सांगली जिल्ह्यातल्याच एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो, त्यामुळे हा निबंध माझ्या दृष्टीने दोन्ही अंगांनी जवळचा होता. त्याविषयी सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते.

बत्तीस शिराळ्याची नागपंचमी महाराष्ट्राला ठाऊक आहे. न्यायालयाच्या आदेशानंतर जिवंत नागांचे खेळ आणि मिरवणुका थांबल्या, पण नागाविषयीचा आदर आजही घरोघरी आहे. याच भागात वारणेच्या आणि मोरणेच्या काठाने ऊस उभा असतो. पाचटात उंदीर आणि उंदरांमागे साप येतात. शेतीपंपाची वीज रात्रीच्या पाळीत आली की बॅटरी घेऊन मोटार चालू करायला जावेच लागते. अशा वेळी कोणाला पान लागले, ही बातमी आमच्याकडे नवी नाही. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसे दगावली, असा एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज आहे, आणि त्यांतली बहुसंख्य माणसे खेड्यांतली होती. हा आकडा वाचताना मला नेहमी वाटते की हा आजार शहरांचा असता, तर त्यावर कितीतरी आधी आणि कितीतरी जास्त काम झाले असते.

आज आपल्याकडे जे प्रतिविष मिळते, त्याची मूळ पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची आहे. घोड्याला विषाच्या अगदी लहान मात्रा वाढवत वाढवत टोचतात, त्याच्या शरीरात विषाविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात, आणि मग त्याच्या रक्तातून ती वेगळी काढून, शुद्ध करून, गोठवून वाळवलेल्या भुकटीच्या रूपात कुपीत भरतात. भारतीय प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषांविरुद्ध एकत्रच असते. त्याने लाखो जीव वाचवले आहेत आणि आजही सर्पदंशावर तेच एकमेव खात्रीचे औषध आहे. परंतु कुपीतली सगळीच प्रतिपिंडे विषाच्या मारक घटकांवर चालतात असे नाही. शिवाय ती घोड्याची प्रथिने असल्याने काही रुग्णांना त्यांची तीव्र ॲलर्जी होते, म्हणून प्रतिविष सुरू करताना डॉक्टरांना ती ॲलर्जी आवरणारे ॲड्रेनॅलिन हे औषध हाताशी ठेवावे लागते. एकाच रुग्णाला आठ-दहा कुप्या लागणे ही तर नेहमीची गोष्ट आहे.

नवे प्रथिन बेतणे म्हणजे काय, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. प्रथिन म्हणजे वीस प्रकारच्या अमिनो आम्लांची साखळी. ही साखळी पाण्यात आली की विशिष्ट रीतीने दुमडते आणि तिला एक ठरावीक त्रिमितीय आकार येतो. तिचे काम या आकारावर ठरते. ख्रिश्चन ॲन्फिन्सन यांनी १२४ अमिनो आम्लांच्या रायबोन्यूक्लिएज या विकरावर (एन्झाइमवर) प्रयोग केले. त्यांनी रसायने घालून त्याची घडी पूर्णपणे मोडली, आणि ती रसायने काढून घेतल्यावर ते प्रथिन आपोआप पुन्हा मूळ आकारात येऊन काम करू लागले. आकाराची सगळी माहिती साखळीच्या क्रमातच असते, हा त्यातून निघालेला निष्कर्ष, आणि त्यासाठी त्यांना १९७२ चे नोबेल मिळाले. पण क्रम हाती असला तरी आकार सांगता येईना. सायरस लेव्हिन्थल यांनी १९६९ मध्ये दाखवले की शंभरएक अमिनो आम्लांची साखळी एकेक शक्य घडी तपासत बसली, तर विश्वाचे आयुष्यही अपुरे पडेल. प्रत्यक्षात मात्र अनेक लहान प्रथिने सेकंदाच्याही आत दुमडून मोकळी होतात.

या प्रश्नाच्या पायाभरणीत मद्रास विद्यापीठाचा वाटा फार मोठा आहे आणि तो वर्गात सांगताना मला दर वेळी अभिमान वाटतो. जी. एन. रामचंद्रन यांनी रामकृष्णन आणि शशिशेखरन या सहकाऱ्यांसह १९६३ मध्ये साखळीच्या कण्यातील दोन कोनांचा एक साधा आलेख मांडला. या दोन कोनांच्या कोणत्या जोड्या शक्य आहेत आणि कोणत्या जोड्यांत अणू एकमेकांवर आदळतात, हे त्यावरून एका दृष्टिक्षेपात कळते. संगणकाने बेतलेले प्रथिन असो की क्ष-किरणांनी शोधलेली रचना असो, ती नीट आहे की नाही हे तपासताना आजही रामचंद्रन आलेख काढतात. दुसरा पाया म्हणजे १९७१ मध्ये अवघ्या सात रचनांवर सुरू झालेली प्रोटीन डेटा बँक. जगभरच्या संशोधकांनी वर्षानुवर्षे मेहनतीने शोधलेल्या रचना तिथे सर्वांसाठी खुल्या ठेवल्या, आणि आता त्यांची संख्या दोन लाखांच्या वर गेली आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेने प्रथिनांचा प्रश्न सोडवला असे वर्तमानपत्रांत छापून येते, तेव्हा त्या बुद्धिमत्तेला शिकायला मिळालेले हे भांडार कोणी भरले, याचाही उल्लेख व्हायला हवा.

सिॲटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठातले डेव्हिड बेकर यांनी प्रश्न उलटा केला. दिलेल्या क्रमाला कोणता आकार येईल, असे न विचारता मला हवा असलेला आकार कोणता क्रम देईल, असे त्यांनी विचारले. ९३ अमिनो आम्लांच्या साखळीचे शक्य क्रम मोजायचे तर एकावर जवळपास १२१ शून्ये द्यावी लागतात, त्यामुळे चाचपडत शोधण्याला इथे काही अर्थच नव्हता. त्यांच्या गटाने 'रोझेटा' नावाची संगणकप्रणाली वापरली. ती अणूंमधील आकर्षण, अपकर्षण आणि पाण्याशी असलेले नाते यांचा हिशेब करून कमीत कमी ऊर्जेची मांडणी शोधते. २००३ मध्ये याच गटाने 'टॉप७' हे ९३ अमिनो आम्लांचे प्रथिन जाहीर केले. निसर्गात तोवर न आढळलेली घडी त्याला दिली होती. ते प्रयोगशाळेत तयार करून त्याची रचना क्ष-किरणांनी तपासली, तेव्हा ती बेतलेल्या आकाराशी जवळजवळ अणूला अणू जुळली. माझ्या मते या विषयातला खरा टप्पा तोच होता. पुढच्या वीस वर्षांत वेग आणि आवाका प्रचंड वाढला, पण असे करता येते हे त्या दिवशी सिद्ध झाले.

नंतरचा प्रवास पुष्कळांना माहीत आहे. गूगल डीपमाइंडच्या 'अल्फाफोल्ड २' या प्रणालीने २०२० मध्ये क्रमावरून आकार सांगण्याच्या आंतरराष्ट्रीय परीक्षेत इतर सर्वांना मागे टाकले आणि २०२२ पर्यंत वीस कोटींहून अधिक प्रथिनांचे अंदाजित आकार सर्वांसाठी खुले झाले. २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल निम्मे बेकर यांना आणि निम्मे डीपमाइंडच्या डेमिस हस्साबिस व जॉन जंपर यांना विभागून मिळाले. संगणकावर बेतलेले प्रथिन माणसाच्या दंडापर्यंतही पोहोचले आहे: दक्षिण कोरियाने जून २०२२ मध्ये मान्यता दिलेल्या 'स्कायकोव्हिओन' या करोनावरच्या लसीतील सूक्ष्म कण याच पद्धतीने बेतलेले होते.

सर्पविषावरचे काम कसे झाले, ते जरा बारकाईने पाहण्यासारखे आहे. नागकुळातील सापांच्या विषात 'तीन बोटांची' म्हणून ओळखली जाणारी विषारी प्रथिने असतात. साठ ते पंचाहत्तर अमिनो आम्लांची ही लहानशी प्रथिने असून गंधकाच्या चार-पाच दुव्यांनी बांधलेल्या गाभ्यातून तीन फासे बोटांसारखे बाहेर आलेले असतात. आपल्या चेतातंतूच्या टोकाकडून ॲसिटिलकोलीन हा संदेशवाहक रेणू सुटतो, स्नायूवरच्या ग्राहीत, म्हणजे तो झेलणाऱ्या प्रथिनात, बसतो आणि स्नायू आकुंचन पावतो. विषाची बोटे नेमकी त्या ग्राहीत जाऊन बसतात, संदेश अडतो, आधी पापण्या जड होतात, मग गिळता येत नाही, आणि अखेरीस श्वासपटल थांबते.

ग्राहीत बसण्यापूर्वीच ही बोटे झाकून टाकायची, हे संशोधकांनी ठरवले. 'आरएफडिफ्यूजन' ही बेकर यांच्याच प्रयोगशाळेतली प्रणाली अंदाधुंद विखुरलेल्या बिंदूंपासून सुरुवात करते, आणि प्रत्येक पायरीला त्यातला गोंधळ थोडा थोडा कमी करत शेवटी प्रथिनाचा सुसंगत कणा उभा करते. विषाच्या प्रथिनाला एक चपटा पट्टेदार पृष्ठभाग असतो. त्याच्या मोकळ्या कडेला बेतलेल्या प्रथिनाचा पट्टा शेजारी लागेल आणि दोन्ही मिळून एक सलग पृष्ठभाग होईल, असे बंधन त्यांनी प्रणालीला घालून दिले. कण्यावर कोणती अमिनो आम्ले बसवायची, हे 'प्रोटीनएमपीएनएन' या दुसऱ्या प्रणालीने सुचवले. मग अल्फाफोल्डकडून तपासून घेतले की हा क्रम खरोखर तसाच दुमडेल का आणि विषाला तसाच चिकटेल का. जे आराखडे या कसोटीला उतरले नाहीत ते बाजूला काढले. उरलेल्या मोजक्या आराखड्यांची जनुके तयार करून प्रथिने बनवली, आणि विषाशी त्यांची पकड मोजली. विषाला चिकटलेल्या अवस्थेतील रचना क्ष-किरणांनी पाहिल्यावर ती आराखड्याशी जुळली. चेतासंस्थेवर चालणारे विष दिलेल्या उंदरांत, विषाचा प्रकार, मात्रा आणि आराखडा यांनुसार, ८० ते १०० टक्के उंदीर वाचले. ही नवी प्रथिने साधारण शंभर अमिनो आम्लांची, उष्णतेला टिकणारी आणि सूक्ष्मजीवांकडून मोठ्या प्रमाणात बनवून घेता येतील अशी आहेत. त्यासाठी घोडा लागत नाही.

आमच्या प्रयोगशाळेतल्या संगणकावर मी विद्यार्थ्यांना नागाच्या अशा एका विषप्रथिनाचा अंदाजित आकार उघडून दाखवतो. अल्फाफोल्डच्या भांडारात रंगांवरून अंदाजाची खात्री कळते. गडद निळा म्हणजे खात्री भक्कम, आणि पिवळा किंवा नारिंगी म्हणजे तिथे भरवसा ठेवू नये. दुव्यांनी बांधलेला गाभा गडद निळा दिसतो, फाशांच्या टोकांकडे रंग किंचित फिका होतो. माउसने तो रेणू फिरवत असताना एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, एवढासा रेणू आणि माणूस मारतो?" आपल्या रक्तातले हिमोग्लोबिन त्याच्या आठपट तरी जड असते, हे सांगितल्यावर तिने तो आकार पुन्हा एकदा सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिला. पाठ्यपुस्तकातल्या सपाट आकृतीने जे साधत नाही ते अशा वेळी साधते, आणि हे सगळे आमच्या गावच्या इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध आहे, याचे मला अतिशय समाधान वाटते.

तरीही या यशाच्या मर्यादा स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. हे सर्व प्रयोग उंदरांपर्यंतचे आहेत. इतकी लहान प्रथिने मूत्रपिंडातून लवकर बाहेर पडतात. त्यामुळे ती ऊतींमध्ये चटकन पोहोचतील हा फायदा असला, तरी दंशाच्या जागेतून विष तासन् तास झिरपत राहते तेव्हा ती पुरतील का, हा प्रश्न उरतो. शिवाय तीन बोटांच्या प्रथिनांतल्या लांब साखळीच्या प्रकाराचा नमुना म्हणून संशोधकांनी जे प्रथिन घेतले ते पूर्व भारतात आणि आग्नेय आशियात आढळणाऱ्या एकचष्मी नागाचे होते, आपल्याकडच्या दहाच्या आकड्याच्या नागाचे नव्हे. दोघांची विषे जवळची आहेत, पण जवळची म्हणजे तीच नव्हेत.

माझ्या दृष्टीने सर्वांत मोठी उणीव मात्र वेगळीच आहे. आमच्या उसाच्या पट्ट्यात ज्या सापाची खरी धास्ती वाटते ती घोणस, आणि तिच्या विषाचा कारभारच निराळा आहे.

माझ्या चुलत भावाला खोडव्याचे पाचट सारताना घोणस चावली. सुदैवाने कोणी चिरा दिला नाही, आवळून बांधले नाही, मांत्रिकाकडे नेले नाही. पाय न हलवता त्याला थेट सरकारी दवाखान्यात आणले. डॉक्टरांनी त्याचे थोडे रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या परीक्षानळीत घेतले, नळी स्टँडमध्ये उभी ठेवली आणि तिला कोणी हात लावू नये म्हणून सांगितले. या चाचणीत वीस मिनिटे नळी हलवायची नसते. नळी प्लास्टिकची चालत नाही, आणि काचेची असली तरी साबणाच्या पावडरीने धुतलेली चालत नाही, कारण मग निरोगी रक्तही नीट गोठत नाही. वेळ झाल्यावर डॉक्टरांनी नळी तिरपी केली आणि रक्त पाण्यासारखे काचेवरून वाहत गेले. शेजारी उभ्या असलेल्या वहिनींनी मला विचारले, "भाऊजी, रक्त गोठंना म्हंजे काय हो?" त्यांना मी तिथे एवढेच सांगितले की आता औषध सुरू होईल. प्रतिविष दिल्यानंतर सहा तासांनी चाचणी पुन्हा केली. विष निष्प्रभ झाल्यावर यकृताला गोठण्याचे घटक पुन्हा तयार करायला तेवढा वेळ लागतो, म्हणून हे अंतर ठेवतात. त्याच्या नशिबाने पुढच्या चाचण्यांत रक्त गोठू लागले, आणि मूत्रपिंडेही शाबूत राहिली.

त्या नळीत काय घडले होते? घोणशीच्या विषात एक धातुयुक्त विकर असते, ते रक्तातील 'घटक दहा' या प्रथिनाला कापून चालू करते. गोठण्याची सगळी साखळी शरीरभर एकदम सुरू होते, त्यात गुठळी ज्यापासून बनते ते फायब्रिनोजेन हे प्रथिन खर्ची पडते, आणि मग जिथे खरोखर गोठायला हवे तिथे काही शिल्लकच राहत नाही. याशिवाय रक्तवाहिन्यांच्या भिंती कुरतडणारी इतर धातुयुक्त विकरे आणि पेशींच्या पडद्यांवर चालणारी फॉस्फोलिपेज विकरे असतातच. तीन बोटांच्या विषावर बेतलेले प्रथिन या सर्वांपुढे निरुपयोगी आहे, कारण ते बनवलेच दुसऱ्या आकारासाठी आहे. नेमकेपणा ही या पद्धतीची ताकद आहे आणि याच ठिकाणी ती तिची मर्यादाही ठरते.

घोणशीवर उतारा बेतायचा तर एक प्रथिन पुरणार नाही, तीन-चार प्रथिनांचे मिश्रण लागेल. दुसरी अडचण अशी की आपल्या स्वतःच्या शरीरातही धातुयुक्त विकरांची मोठी कुळे आहेत आणि विषातली विकरे त्यांचीच दूरची भावंडे आहेत. बेतलेले प्रथिन विषाच्या विकराला पकडेल आणि आपल्या विकराला सोडून देईल, इतका फरक त्याला कळला पाहिजे. त्यासाठी विकराचा क्रियाशील खळगा, म्हणजे जिथे त्याचे कापण्याचे काम चालते तो भाग, हे लक्ष्य धोक्याचे ठरते, कारण तोच भाग दोन्हींकडे सारखा असतो. त्याच्या आजूबाजूचा, केवळ विषात आढळणारा पृष्ठभाग शोधावा लागेल. आणि तिसरी अडचण म्हणजे एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशानुसार बदलते. भारतातील प्रतिविषासाठी लागणारे विष बहुतांशी तमिळनाडूतील इरुळा आदिवासी सर्पपकड्यांच्या सहकारी संस्थेकडून येते. वारणाकाठच्या घोणशीच्या विषाची घडण तिथल्या घोणशीसारखीच असेल, असे गृहीत धरता येत नाही.

म्हणून मला असे ठामपणे वाटते की आता काम अडले आहे ते संगणकाच्या टोकाला नव्हे, सापाच्या टोकाला. आराखडे बनवणाऱ्या प्रणाली खुल्या आहेत, त्यांची कार्यपद्धती छापून आलेली आहे, पण त्यांना लक्ष्य कोणते द्यायचे हे सांगणारी माहिती आपल्याच शिवारातून यायला हवी. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सर्पविषांच्या प्रादेशिक फरकांवर मोलाचे काम चालू आहे, आणि २०२४ मध्ये तेथील संशोधकांनी अमेरिकेतील स्क्रिप्स संस्थेबरोबर नागकुळातील अनेक सापांच्या लांब साखळीच्या विषांवर चालणारे एक मानवी प्रतिपिंडही प्रसिद्ध केले. केंद्र सरकारनेही मार्च २०२४ मध्ये सर्पदंशाचे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला आहे. पश्चिम महाराष्ट्रातील घोणशींच्या विषाचे नमुने वन खात्याच्या परवानगीने आणि तज्ज्ञांच्या देखरेखीखाली गोळा होऊन त्यांतील प्रत्येक प्रथिनाचा क्रम खुला झाला, तर जगातली कोणतीही प्रयोगशाळा त्यावर आराखडा बेतू शकेल. आमच्या भागातल्या सर्पमित्रांना कोणता साप कोणत्या शिवारात आणि कोणत्या हंगामात सापडतो, याची जी माहिती तोंडपाठ आहे, तिचाही यात उपयोग होईल.

'घटक दहा' कापणाऱ्या त्या विकराची क्ष-किरणांनी शोधलेली रचना २००७ पासून प्रोटीन डेटा बँकेत खुली आहे. या सत्रात पदव्युत्तर वर्गाच्या प्रकल्पासाठी आम्ही तीच घेणार आहोत. एक गट निरनिराळ्या प्रदेशांतील घोणशींचे प्रसिद्ध झालेले क्रम एकाखाली एक मांडून कुठला भाग सगळीकडे सारखा राहिला आहे ते शोधेल, दुसरा गट माणसाच्या धातुयुक्त विकरांचे क्रम त्याच पद्धतीने लावेल, आणि मग दोन्ही गट मिळून विषात कायम असलेला पण माणसात नसलेला पृष्ठभाग त्या रचनेवर रंगवतील.